नांव देणें व नांवें ठेवणें

मराठी भाषेंत ‘नांव ठेवणें’ ह्या शब्दांचे दोन अर्थ होतात. बाळ पाळण्यांत असतां त्याचें नांव ठेवितात तें कौतुकाचें. आणि तेंच मूल तीन वर्षांचें झालें तरी हांकेला ओ देत नाहीं असें दिसलें, म्हणजे शेजारीपाजारी नांवें ठेवितात तीं दुसऱ्या प्रकारचीं. मुका, खुळा, हट्टी, आईनें लाडावून ठेवलेला, अशीं तीं असतात. मूल डोळ्याला डोळा देत नाहीं, हवी ती वस्तु बोटानें दाखवीत नाहीं, तासन् तास एखाद्या डब्याचें झांकण गरगर फिरवीत बसतें, कुकरची शिटी झाली कीं कानांवर हात ठेवून किंचाळतें. असें घरांत रोज दिसूं लागलें म्हणजे आईबापांपुढें प्रश्न उभा राहतो. ह्या मुलाला नेऊन तें स्वमग्न आहे कीं काय याची तपासणी करून घ्यावी, कीं कांहीं दिवस थांबावें? वरवर पाहतां हा दवाखान्याचा प्रश्न आहे. आमच्या मतें तो त्याहून अधिक नीतीचा प्रश्न आहे. कारण जें मूल स्वतःविषयीं सांगूं शकत नाहीं, त्याच्याविषयीं जाणून घ्यावें कीं न घ्यावें हें ठरविण्याची सत्ता सर्वस्वीं दुसऱ्यांच्या हातीं असते.

प्रथम ह्या ‘स्वमग्न’ शब्दाविषयीं. ज्याला ऑटिझम म्हणतात त्याचें हें मराठी भाषांतर होय, आणि मूळ शब्दही ‘स्वतः’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच बनविला आहे. तथापि आम्हांस हा शब्द फारसा पसंत नाहीं. एखादा बैरागी डोळे मिटून बसावा तसें हें मूल आपखुशीनें जगाकडे पाठ फिरवून बसलें आहे, असें त्यावरून वाटतें. वस्तुतः ह्या मुलांच्या मेंदूची वाढच आरंभापासून निराळ्या रीतीनें होत असते. बोलणें, दुसऱ्याचा चेहरा वाचणें, देवघेव करणें ह्या गोष्टी इतर मुलें न शिकवितां उचलतात, त्या ह्यांना कष्टानें शिकाव्या लागतात. तेंच तें पुन्हां पुन्हां करणें त्यांना आवडतें. आवाज, उजेड, स्पर्श कधीं असह्य होतात, तर कधीं जाणवतही नाहींत. ह्यांपैकीं कित्येक मुलें स्वतःंत मग्न नसून बाहेरच्या गोंगाटानें गांजलेलीं असतात. (भजनांत झांजा वाजूं लागतांच जें मूल मंदिराबाहेर पळतें, त्याला अभक्त म्हणणाऱ्यांनीं याचा विचार करावा.) परंतु सरकारी कागदांवर हाच शब्द आहे व आईबापांच्या कानीं तोच पडतो, म्हणून आम्हीही तोच वापरतों. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणें जगांत सुमारें १२७ माणसांत एक अशा प्रकारचा असतो. हेंच प्रमाण धरिलें तर तीन हजार वस्तीच्या गांवांत वीसांहून अधिक होतील. आमच्या गांवांत असें कोणी नाहीं, असें कोणी म्हणेल तर आम्ही इतकेंच म्हणूं कीं, त्यांना गांवानें दुसरीं कांहीं नांवें दिलीं असावीं.

जे थांबूं म्हणतात त्यांची आम्ही थट्टा करणार नाहीं. आजी म्हणते, ह्याचा बापही उशिरांच बोलला. आणि तें खोटें नसतें. उशिरा बोलणारीं कांहीं मुलें पुढें आपोआप सुधारतातही. बाप म्हणतो, तालुक्याला जायचें म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, मग जिल्ह्याला दोन दिवसांची. आणि आई रात्रीं दिवा मालविल्यावर जें बोलते तें सर्वांत जड असतें: एकदां कागदावर लिहिलें गेलें म्हणजे तें पुसायचें कसें? ह्याच्या बहिणीला स्थळ आलें तर काय सांगायचें? ह्या भीतीला तुच्छ मानून पुढें जाणाऱ्या उपदेशाचा उपयोग नाहीं. ती भीती खऱ्या जगांतून आलेली आहे.

पण ह्या विचाराला दुसरी बाजू आहे, आणि ज्या मुलाला हें नांव प्रथम मिळालें त्याच्या हकीकतींत ती चांगली दिसते. अमेरिकेच्या मिसिसिपी प्रांतांत फॉरेस्ट नांवाचा लहानसा गांव आहे. तेथें १९३३ सालीं डॉनल्ड ट्रिप्लेट ह्याचा जन्म झाला. दोन वर्षांच्या सुमारास तेविसावें स्तोत्र व प्रेस्बिटेरियन प्रश्नोत्तरावलींतील २५ प्रश्न उत्तरांसह त्याला तोंडपाठ होते. पाठांतर घेणाऱ्या आमच्या उपदेशक बंधूंनीं येथें क्षणभर थांबावें. असें मूल रविवारच्या शाळेंत आलें तर आपण त्याला बक्षीस दिलें असतें व काळजीचें कांहीं आहे हें आपल्या ध्यानींही आलें नसतें! त्याच्या आईबापांच्या मात्र ध्यानीं आलें होतें कीं, प्रश्नोत्तरें म्हणणारा हा मुलगा स्वतः होऊन एकही प्रश्न विचारीत नाहीं. बाप घरीं आला काय, न आला काय, त्याला सारखेंच. आणि फिरेल ती प्रत्येक वस्तु तो फिरवीत बसतो. चार वर्षें पुरीं होण्यापूर्वींच वैद्यांच्या सल्ल्यावरून त्याला घरापासून दूर एका संस्थेंत ठेवण्यांत आलें. तेथें तो अधिकच मुका व निश्चल झाला. वर्षभरानें आईबापांनीं त्याला परत आणिलें, आणि १९३८ सालीं बाल्टिमोर येथील डॉक्टर लिओ कॅनर ह्यांजकडे नेलें.

जाण्यापूर्वीं बापानें एक पत्र पाठविलें. तें टंकलिखित ३३ पानांचें होतें. मूल काय खातें, कशाला भितें, कोणते शब्द कोणत्या वेळीं उच्चारतें, काय फिरवितें, कशानें रडतें, सर्व त्यांत लिहिलें होतें. डॉक्टरांनीं मुलाला दोन आठवडे निरीक्षणांत ठेविलें. परंतु नांव लगेच दिलें नाहीं. त्याच्यासारखीं आणखी दहा मुलें पाहिलीं, आणि पांच वर्षांनीं, म्हणजे १९४३ सालीं, ह्या ११ मुलांवर निबंध लिहून ह्या अवस्थेला नांव दिलें. त्यांतील पहिला मुलगा डॉनल्ड. त्याच्या वर्णनांतील पुष्कळसा भाग त्या ३३ पानांवरून घेतलेला आहे. आम्हांस ह्यांतील महत्त्वाची गोष्ट ही वाटते: पहिल्या वेळीं ज्यांनीं मुलाला पाहिलें त्यांनीं त्याला दूर ठेवण्यापुरतेंच पाहिलें, दुसऱ्या वेळीं ज्यानें पाहिलें त्यानें आधीं आईबापांचें ऐकून घेतलें. दोन्ही तपासण्याच होत्या. एकीनें मुलाला नांव ठेविलें, दुसरीनें नांव दिलें.

पुढें काय झालें? आईबापांनीं त्याला फॉरेस्टपासून कांहीं मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे ठेविलें. डॉक्टर कॅनर १९४५ सालीं तेथें पाहण्यास गेले. त्या जोडप्यानें ह्या मुलाचें खूळ मोडण्याचा प्रयत्न केला नव्हता. त्याला कामास जुंपलें होतें. मुलाला मापण्याचा नाद होता, म्हणून त्याच्याकडून विहीर खोदवून तिची खोली मोजावयास लाविली. मक्याच्या ओळी तो पुन्हां पुन्हां मोजीत असे, तेव्हां नांगर धरूनच ओळी मोज, असें त्याला सांगितलें. आणि घोडा व नांगर तो उत्तम चालवीत असे. मेलेलीं पांखरें व किडे तो गोळा करी, तर त्यांच्या दफनासाठीं त्याला जागा नेमून दिली. खेड्यांतल्या शाळेनेंही त्याचा विक्षिप्तपणा संभाळून घेतला. हा मुलगा १९५८ सालीं कॉलेजांतून पदवीधर झाला, आपल्याच गांवच्या बँकेंत त्यानें काम केलें, एकट्यानें देशोदेशीं प्रवास केला, आणि २०२३ सालीं ८९ वर्षांचा होऊन वारला. हें सांगतांना एक गोष्ट लपवूं नये. त्याचा बाप वकील होता व आईच्या माहेरची बँक होती. त्याच मिसिसिपी प्रांतांत कापूस वेंचणाऱ्या कृष्णवर्णी मजुराच्या मुलाला बाल्टिमोरची वाट कोणी दाखविली असती असें आम्हांस वाटत नाहीं. शिवाय अशीं सर्वच मुलें पदवीधर होत नाहींत. कित्येकांना जन्मभर आधार लागतो, व कांहींना बोलणें येतच नाहीं. तपासणी करून घ्या म्हणजे तुमचाही डॉनल्ड होईल, असें आम्ही म्हणत नाहीं.

दोष कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक घरीं विचारला जातो; आणि बहुधा तो सासू सुनेला विचारते. जन्मांधाला पाहून पाप कोणाचें, त्याचें कीं त्याच्या आईबापांचें, असें शिष्यांनीं विचारलें होतें, व दोघांचेंही नाहीं असें उत्तर त्यांना मिळालें होतें, हें वाचकांस ठाऊकच आहे. नवल हें कीं, शिकलेल्या वैद्यांनींही शिष्यांचाच प्रश्न पुन्हां विचारला. ही स्थिति जन्मजात असावी असें कॅनर ह्यांनीं आरंभीं लिहिलें खरें. पण पुढें आईबापांच्या थंडपणाकडे त्यांनींही बोट दाखविलें. आणि १९६७ सालीं ब्रूनो बेटलहाइम ह्यांनीं तर मोठा ग्रंथ लिहून आयांनाच आरोपी केलें. एका पिढीच्या आयांनीं तें ओझें वाहिलें. बर्नार्ड रिमलंड ह्यांनीं, ज्यांचा स्वतःचा मुलगा असा होता, १९६४ सालींच ह्या मताचें खंडन केलें होतें. १९७७ सालीं इंग्लंडांत २१ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास होऊन ह्याचें मूळ बहुतांशीं वंशपरंपरेंत आहे हें दिसूं लागलें, आणि त्यापूर्वीं १९६९ सालीं कॅनर ह्यांनीं पालकांच्या सभेंत उभें राहून त्यांना दोषमुक्त केलें. तसेंच लसीविषयीं. गोवर वगैरेंच्या लसीनें मूल असें होतें असें सुचविणारा १२ मुलांवरचा निबंध १९९८ सालीं विलायतेंत छापला गेला होता. तो २०१० सालीं त्या नियतकालिकानेंच रद्द केला. डेन्मार्कांत साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी होऊन २०१९ सालीं असा कांहीं संबंध नाहीं असें पुन्हां आढळलें. ह्या भीतीनें कोणी लस चुकवूं नये. गोवरानें मुलें खरोखर मरतात.

आतां तपासणी म्हणजे काय तें सांगतों, कारण पुष्कळशी भीति अज्ञानाची असते. धान्य आधीं चाळतात व मग हातानें निवडतात, तसें येथेंही दोन पायऱ्या आहेत. पहिली नुसती चाळणी. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीं २० प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात: तुम्ही बोट दाखविल्यास मूल तिकडे पाहतें का, हांक मारल्यास वळतें का, अशा प्रकारचे साधे प्रश्न. चाळणींत अडकलेलें सर्वच स्वमग्न नसतें. अमेरिकेंत १६ हजारांवर मुलांची पाहणी करून २०१४ सालीं प्रसिद्ध झालें कीं, यादी व तिच्यापुढची चौकशी ह्या दोहोंनंतरही ज्यांच्याविषयीं शंका राहिली, त्यांच्यांतील तपासलेल्या मुलांपैकीं स्वमग्न ठरलेलीं शेंकडा ४७.५ होतीं, परंतु वाढींत कांहीं तरी अडचण असलेलीं शेंकडा ९४.६ होतीं. म्हणजे शंका खोटी ठरली तरी फेरी बहुधा फुकट गेली नाहीं.

दुसरी पायरी ती खरी निवड. तेथें सुई टोंचीत नाहींत. रक्तावरून किंवा मेंदूच्या फोटोवरून हें ओळखतां येत नाहीं. आधीं कानांची परीक्षा करावी, कारण बहिरें मूलही हांकेला ओ देत नाहीं. मग जाणकारानें मुलाबरोबर खेळून, त्याला पाहून, आणि आईला पुष्कळ वेळ विचारून ठरवावयाचें असतें. आपल्या देशांत ह्यासाठीं ४० बाबींचें एक माप सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनें तयार केलें आहे. प्रत्येक बाबीला एक ते पांच गुण देतात, आणि बेरीज ७० किंवा अधिक झाली तर स्वमग्नता धरितात. येथें गुण अधिक पडणें हें यश नव्हे व कमी पडणें हें अपयशही नव्हे. ह्या परीक्षेंत मूल नापास होऊंच शकत नाहीं, हें आजोबांना समजावून सांगावें.

ह्यावर विचारी माणसाचा एक आक्षेप आहे, व तो आम्हांस बळकट वाटतो. तो म्हणतो, शिक्का बसला म्हणजे मास्तर त्या मुलाला मागच्या बाकावर बसवितो व शिकविणें सोडून देतो. मूल नाहींसें होतें आणि शिक्काच उरतो. हें घडतें. स्वमग्न असलेल्या मोठ्या माणसांनींही आतां आपलें गाऱ्हाणें मांडलें आहे. जिम सिंक्लेअर ह्या स्वतः स्वमग्न असलेल्या लेखकानें १९९३ सालीं पालकांना उद्देशून लिहिलें कीं, आमच्यासाठीं सुतक धरूं नका. तुम्ही ज्याचें स्वप्न पाहिलें तें मूल आलें नाहीं याचें दुःख तुमचें आहे, पण जें आलें तें तुमच्यापुढें जिवंत उभें आहे. आम्हांस हें पटतें. परंतु ह्यावरून तपासणी नको, असें निघत नाहीं. न तपासलेलें मूल नांवावांचून राहत नाहीं. त्याला हट्टी म्हणून मार बसतो, खुळा म्हणून शाळेंतून काढितात, भूतबाधा म्हणून अंगारे व धुऱ्या होतात. आणि हें आमच्या मंडळ्यांतही घडतें. कोठें अंगाऱ्याऐवजीं प्रार्थनासभेंत मुलाला धरून ओरडतात इतकाच काय तो फरक. प्रार्थना जरूर करावी, पण ज्याला मोठा आवाज सोसत नाहीं त्याच्या कानाशीं ओरडून ती करूं नये. तेव्हां निवड नांव असावें कीं नसावें ह्यांत नाहीं. ज्यांत मुलाची बाजू ऐकली गेली आहे असें नांव त्याला मिळावें, कीं जें पहिल्यांदा कोणाच्या तोंडांत आलें तें चिकटावें, ह्यांत ती आहे. शिक्क्याला भिणाऱ्या बापानें गांवानें आधींच मारलेले शिक्के मोजून पाहावे.

राहिली बहिणीच्या लग्नाची गोष्ट. येथें एका मुलाचें हित दुसऱ्याच्या हिताशीं तोलावें लागतें, म्हणून हा तराजू आम्ही हलक्या हातानें धरितों. तथापि दोन गोष्टी दिसतात. एक ही कीं, लपविल्यानें मूल लपत नाहीं. तें अंगणांतच असतें, व मुलगी पाहण्यास आलेल्यांना दिसतेंच. दुसरी अधिक गंभीर. न तपासतां राहण्याची किंमत कोण देतो? लाज आईबापांची वांचते, मुलीचें स्थळ कदाचित् वांचतें, आणि तीं वर्षें मात्र मुलाचीं जातात. ज्यांत हातवाऱ्यांनीं किंवा चित्रें दाखवून तरी ‘पाणी’, ‘भूक’, ‘दुखतें’ इतकें सांगावयास तें शिकलें असतें. ज्यानें संमति दिली नाहीं त्याच्या खर्चानें दुसऱ्यांची अब्रू राखणें, ह्याला व्यवहारांत काय म्हणतात तें वाचकांस सांगावयास नको. मुलींच्या बाबतींत तर हें लवकर ओळखलेंही जात नाहीं. गप्प बसणारी मुलगी गुणाची समजली जाते.

कायद्यानेंही ह्या नांवाला आज कांहीं किंमत आणिली आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांत स्वमग्नतेचा समावेश होता, आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यानें ती २१ प्रकारांत स्पष्टपणें घातली. दिव्यांगत्व शेंकडा ४० किंवा अधिक ठरल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. आपण गेल्यावर ह्याचें कोण करील, हा जो आईबापांचा अखेरचा प्रश्न, त्यासाठीं न्यासाच्या कायद्यानें मूल सज्ञान झाल्यावरही पालक नेमून घेतां येतो. ह्यांतील कांहींही कागदावांचून मिळत नाहीं.

एका गोष्टीविषयीं मात्र सावध राहावें. नांव मिळालें कीं त्याच आठवड्यांत कोणीतरी औषध विकावयास येतो. मुळापासून बरें करितों म्हणणारे, मूलपेशी टोंचणारे, शरीरांतील विष काढूं म्हणणारे, ह्यांना जमीन गहाण ठेवून पैसे देऊं नका. स्वमग्नता घालविणारें औषध नाहीं. आहे तें शिकविणें. तें सावकाश चालतें, व त्यांतील बराचसा भाग आईबापांनाच शिकून घरीं करावा लागतो.

उपदेशक बंधूंनीं स्वतः निदान करूं नये. अमुकाचा मुलगा स्वमग्न आहे, असें आपण गांवांत बोललों तर तें पुन्हां नांवें ठेवणेंच झालें. त्यांनीं आईजवळ बसावें, तिला काय दिसतें तें विचारावें, आणि जिला लिहितां येत नाहीं तिच्यासाठीं एका वहींत तें लिहून द्यावें: मूल केव्हां बसूं लागलें, कोणते शब्द येत होते व नंतर गेले, कशाला घाबरतें, कशांत रमतें. ३३ पानें नकोत, चार पुरेत. येतें तेंही लिहावें. नाहीं तेवढेंच लिहूं नये. ही वही घेऊन गेलेल्या आईचें डॉक्टर अधिक लक्ष देऊन ऐकतात. त्यांनीं घाईनें दोन मिनिटांत कांहीं लिहून दिलें, तर हें काय लिहिलें तें मराठींत सांगा, असें विचारण्यास आईबरोबर एक माणूस जावा.

जावें कोठें? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा २०१३ सालीं पालघर येथें सुरू झाला. त्याचें पथक वर्षांतून दोनदां अंगणवाडींत व एकदां सरकारी शाळेंत येऊन मुलांना तपासतें, आणि शंका वाटल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवितें. पथक येतें त्या दिवशीं असें मूल बहुधा घरींच ठेवलेलें असतें, कारण तें रडतें व चारचौघांत शोभत नाहीं असें घरच्यांना वाटतें. त्याच दिवशीं त्याला न्यावें. अंगणवाडीच्या ताईंना किंवा आशाताईंना विचारल्यास पुढची तारीख कळते; आणि तारीख लांब असेल तर तिची वाट न पाहतां सरळ प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊन चिठ्ठी मागतां येते.